सरळ निजलेला माणूस

१५ जानेवारी २०१७

पोचले एकदाची. बाकोलोदहून बोट, मग बस, मग मांडीवर बॅग घेऊन तीनचाकीतून खाडीपर्यंत. निघताना घरी सगळ्यांनी थट्टेचा कहर केला. कापिझला जातेय म्हटलं की आमच्याकडे लोक असंच करतात. इथे म्हणे अस्वांग राहतात, दिवसा साध्यासुध्या बाया आणि अंधार पडला की पंख फुटलेल्या, माणसाचं काळीज खाणाऱ्या. मावशीने तर खरोखरच लसणाचे दोन गड्डे पर्समध्ये कोंबले. ते मी आल्या आल्या घरमालकिणीला देऊन टाकले, आणि कशासाठी आणले होते तेही सांगितलं. तिने हुंगून पाहिले आणि म्हणाली, "चांगला आहे गं. आमच्या अस्वांगांना लसणाशिवाय काळीज जातच नाही."

मला बाई आवडली. नाव पुरिफिकासियोन, पण सगळी वाडी तिला नानाय पुरिंग म्हणते. सगळ्यांचीच आई. माझं नाव जोव्हेलिन आहे असं दोनदा सांगितलं, तर "बरं, इंदाय," म्हणाली. आमच्याकडेही म्हाताऱ्या कुठल्याही पोरीला इंदायच म्हणतात, त्यामुळे अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

घर खाली सिमेंटचं, वर बांबूचं. मला वरची खोली दिलीय. मागे पाण्यावर काढलेला बांबूचा सज्जा आहे, फटींतून खालची खाडी दिसते. समोर खुंटच खुंट, त्यांवर कालवं धरतात. संध्याकाळी तीच खाल्ली, व्हिनेगर आणि मिरची घालून. इतकी खाल्ली की नानाय म्हणाली, पोरी, उद्यासाठी खाडीत काही ठेव.

१८ जानेवारी

ज्या एमआरआयच्या मशीनवर काम करायला मी आले ते नवं कोरं आहे, अजून प्लास्टिकचा वास जात नाही. संशोधन लुबागवर. लुबाग म्हणजे पिळणं. माणूस चाळिशीच्या आसपास येतो आणि त्याचं अंग ओल्या फडक्यासारखं आपोआप पिळायला लागतं. मान, जबडा, पाठ, पाय. याच बेटावर सगळ्यात जास्त. आईकडून येतो आणि मुलग्यांना होतो.

मुख्य डॉक्टर सालसेदो मनिलाच्या. ठेंगण्या, पन्नाशीच्या, चालता चालता जेवतात. त्यांनी मला दोन चित्रं शेजारी लावून दाखवली. मेंदूच्या गाभ्यात दोन्ही बाजूंना एकेक जाड स्वल्पविराम असतो. हालचालींचा लगाम तिथे. लुबागवाल्याचा स्वल्पविराम झिजून नुसती रेघ उरते, आणि शेजारची काळी पोकळी पसरत जाते. रोग्यांबरोबर त्यांच्या धडधाकट भावांचीही चित्रं घ्यायची, म्हणजे झीज कधी सुरू होते ते कळेल. मात्र धडधाकट माणसाला काय दिसलं ते सांगायचं नाही. त्यांनीच तसं मागितलंय. औषध नाही, तर कळून करायचं काय.

"तुझ्या तोंडावरही दिसता कामा नये," डॉक्टर म्हणाल्या. मी म्हटलं, माझं तोंड वाचणारा अजून जन्मला नाही.

२९ जानेवारी

या घरातही आहे लुबाग. पहिल्या दिवशी नानायने मुद्दाम सांगितलं नव्हतं, मी पळून जाईन म्हणून. थोरला मुलगा देल्फिन खालच्या खोलीत असतो. बेचाळीस वर्षांचा, दिसतो साठीचा. मान मागे, तोंड आभाळाकडे, जबडा उघडा, जीभ बाहेर. अंगावर मांस नाही, कारण सगळं खाल्लेलं या पिळण्यातच जळून जातं. चालतो तेव्हा पाय उचलत नाहीत, चपला फरशीवर फरपटतात. सुद्-सुद्, सुद्-सुद्. इथले लोक या रोगाला सुद्-सुदही म्हणतात. सकाळी त्याच आवाजाने मला जाग येते.

होड्या बांधायचा तो. पंचक्रोशीत त्याच्या हाताची होडी म्हणजे तोल जाणारच नाही असं म्हणत. बायको मुलांना घेऊन मनिलाला गेली. त्याचा एक गमतीचा उपाय आहे: दातांत आगकाडी धरली की जबडा थोडा वेळ ऐकतो. तेवढ्या वेळात बोलून घेतो. काल आगकाडी धरून मला म्हणाला, "इंदाय, आभाळाचं भाडं लावू नकोस. सगळ्यात जास्त मीच बघतो."

नानाय त्याला भरवते तेव्हा अर्धी सकाळ जाते. धाकटा अर्नेल तेहतिशीचा, कालवांची शेती सांभाळतो, आणि भावाची थट्टा करून त्याला हसवतो. हसला की देल्फिनचा घास घशाखाली जातो, म्हणून.

१६ फेब्रुवारी

आज देल्फिनला मशीनमध्ये घेतलं. लुबागचा माणूस स्वतःहून स्थिर पडून राहूच शकत नाही, म्हणून भूल द्यावी लागते. गाढ झोपेत लुबाग निघून जातो हे मी पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं नव्हतं.

भूल चढली आणि मागे ओढलेली मान हळूच सरळ झाली, कुणी दोर सैल सोडावा तशी. जबडा मिटला. बोटं उलगडली. महिनाभर त्याच्या घरात राहून मला त्याचा चेहरा आज पहिल्यांदा दिसला. देखणा माणूस आहे. ओठ अर्नेलचे.

नंतर बाहेरच्या खोलीत खाटेवर आणलं, शुद्धीवर यायला वेळ होता, म्हणून नानायला आत बोलावलं. ती दारातच थांबली. मग म्हणाली, "आला बघ माझा देल्फिन." घरी त्याला झोप अशी लागतच नाही. डोळा मिटतो न मिटतो तोच पाठीची कमान होते आणि ती त्याला उठवते. नानायने पिशवीतून नेलकटर काढलं. जागेपणी नखं कापायला जावं तर रक्त निघतं म्हणाली. एकेक बोट हातात घेऊन सावकाश कापत बसली, केस ओले करून भांग पाडला. एका हाताची करंगळी राहिली होती, तेवढ्यात त्याच्या पायाचा अंगठा वळायला लागला. मग घोटा. मग मान.

नानायने करंगळी तशीच सोडली आणि नेलकटर पिशवीत टाकलं. मी भिंतीकडे बघत उभी राहिले.

२ मार्च

नानाय आठवडाभर माझ्या मागे होती, आणखी एकदा झोपव म्हणून. शेवटी मी डॉक्टरांना सांगितलं की देल्फिनची चित्रं हलली आहेत, परत घ्यावी लागतील. हलली नव्हती. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि सही केली.

या वेळी नानायने त्याचा लग्नातला पांढरा शर्ट आणला होता, अननसाच्या धाग्याचा. झोपेत असताना आम्ही दोघींनी मिळून घातला. मग ती नुसती बसून राहिली, त्याचा हात गालाशी धरून. कशाला थांबवायचं, म्हणून मी दार लोटून घेतलं.

जागा झाल्यावर देल्फिन काहीतरी म्हणत होता. आगकाडी दिली तेव्हा कळलं. म्हणाला, "उठवलंत कशाला?"

नानायने मला झोपेच्या त्या औषधाचं नाव विचारलं. मी म्हटलं, ते घरी द्यायचं नसतं, त्याच्या गोळ्या आहेत ना लिहून दिलेल्या, त्या नेमाने देत जा. ती म्हणाली, देते तर.

२३ एप्रिल

अर्नेलबरोबर होडीतून खुंटांपर्यंत गेले होते. तिसऱ्यांदा. वाडीत आता सगळ्यांना कळलंय, बायका मला बघून गाणी म्हणतात.

तो सुरीने कालवं उघडून देतो आणि खोड्या काढतो. म्हणाला, बाकोलोदच्या पोरी गोड, तिथे ऊस पिकतो ना. पण चावून झालं की चोथा. मी विचारलं, मग कापिझची पोरं? म्हणाला, "कालवं. बाहेरून दगड. आत जायचं तर सुरी पाहिजे, आणि हात कापला तर रडायचं नाही."

हात कापला नाही. पण एकूण काही खरं नाही माझं.

परवा त्याचं चित्र घ्यायचंय. स्वतःच नाव दिलं त्याने. मानोंगला, म्हणजे थोरल्या भावाला, उपयोग होणार नाही, पण पुढच्या कुणाला होईल, म्हणाला. नानायला नको होतं, ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

२५ एप्रिल

आत जाताना अर्नेल म्हणाला, "मेंदू सापडला तर नानायला कळव हं. ती म्हणते नाहीच आहे."

मी काचेच्या अलीकडे. मशीनचा खडखडाट सुरू झाला. पडद्यावर एकेक पापुद्रा उघडत गेला.

मी अर्थ लावत नाही. ते माझं काम नाही. पण तीन महिन्यांत नव्वदएक माणसं पाहिलीत मी.

स्वल्पविराम बारीक आहेत. दोन्ही. उजवा जास्त.

तो बाहेर आला, शर्टाची बटणं लावत विचारलं, "सापडला?" मी म्हटलं, हो. इतकंच.

३० एप्रिल

डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, मला या कामातून काढा. त्यांना न सांगता समजलं. त्यांनी दार लावलं, खिडकी उघडली, सिगारेट पेटवली. म्हणाल्या, तू सांगायचं नाहीस, तो त्याचा हक्क आहे. पण त्याच्याशी खोटंही बोलू नकोस. मी विचारलं, हे दोन्ही एकाच वेळी कसं करायचं? म्हणाल्या, ते मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

जेवताना अर्नेलचे हात बघते. चमचा कसा धरतो. डोळे किती वेळा मिटतो. त्याला वाटतं मी प्रेमाने बघतेय. प्रेमाने बघतेच आहे.

१२ ऑगस्ट

देल्फिन गेला.

सकाळी मला जाग आली ती आवाज नसल्यामुळे. खाली गेले. तो अंथरुणावर सरळ पडला होता. अगदी सरळ. मान उशीवर, तोंड मिटलेलं. अंगात अननसाचा शर्ट. केस विंचरलेले. सगळी नखं कापलेली.

नानाय शेजारी बसली होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "झोपेत गेला गं. किती छान दिसतोय."

अर्नेल कालवांकडून धावत आला आणि भावाच्या पायांवर पडला. ते पाय आता वळत नव्हते.

२१ ऑगस्ट

नऊ दिवसांच्या प्रार्थना आज संपल्या. रोज वाडी जमली, पत्ते खेळली, बिस्किटं आणि कॉफी. जो तो शवपेटीच्या काचेतून बघून म्हणायचा, अरे, हा तर पूर्वीचा देल्फिन.

एक गोष्ट मनातून जात नाही. तो पांढरा शर्ट त्याला जागेपणी घालता येतच नव्हता. दोन माणसं लागायची, तरी नाही. नानाय म्हणते तो झोपेत गेला, तिला पहाटे कळलं. मग शर्ट—

त्याने स्वतःच मागितला असेल. पुरे.

१९ नोव्हेंबर

अर्नेलने विचारलं. होडीतच, भरती लागल्यावर. मी हो म्हटलं.

किती बोललो आम्ही. पत्रे बदलायचे, डुकरं पाळायची, माझ्या आईला कसं पटवायचं. जगातल्या सगळ्या गोष्टी बोललो. एक सोडून.

नानायने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, पोरगा माग देवाकडे. पोराला बापाकडून हे येत नाही. पोरगी झाली तर ती माझ्यासारखी, तिला काही होत नाही, ती नुसती पुढे देते. "माझ्यातून गेलं ते," म्हणाली. "मी काही केलं नाही, इंदाय. नुसतं जन्माला घातलं."

अर्नेलला असेल तर, हे शब्द तिने वापरले नाहीत. मीही नाही.

२८ जानेवारी २०१८

काल लग्न झालं. आई शेवटी आली, रडली, कालवं खाऊन परत गेली. डॉक्टर सालसेदो आल्या होत्या. त्यांनी मला खूप वेळ मिठीत धरलं. अर्नेल इतका नाचला की पाहुण्यांनी त्याच्या शर्टाला नोटा टाचून टाचून त्याचं झाड केलं.

सुखी आहे मी. लिहून ठेवते, म्हणजे खरं राहील.

६ मे

दुपारच्या उन्हात घर अगदी गप्प असतं. अर्नेल कालवांवर, नानाय खाली पंख्यापुढे. मी सकाळची पाळी करून आले आणि वर आडवी झाले होते.

मागच्या सज्जातून आवाज आला.

सुद्-सुद्. सुद्-सुद्.

उठून बसले. थांबला. वाऱ्याने काही फरपटलं असेल.

११ मे

पुन्हा. त्याच वेळी. सज्जाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. मधेच थांबतं, जसा तो थांबायचा, भिंतीला हात लावून.

उठवेना. माझी खोली आणि सज्जा यांच्यामध्ये एक विणलेली भिंत फक्त.

१४ मे

नानायलाही ऐकू येतं. आज जिन्यावर तिला पाहिलं, वर तोंड करून उभी, छातीवर क्रूस काढत होती. माझ्या डोळ्यांत बघून तिने मान हलवली, म्हणजे बोलू नकोस.

संध्याकाळी तिने सज्जात एक बशी ठेवली. भात, वाळवलेला मासा, आगकाडी. पुटपुटली, "जा रे बाळा. तुला मोकळं केलं ना. आता कशाला येतोस?"

तुला मोकळं केलं. असंच म्हणाली. मी नीट ऐकलं.

अर्नेलला आम्ही काही सांगितलं नाही. तो बशी ओलांडून गेला, विचारलंही नाही.

२ जून

कामावर चुका होतायत. आज पडद्यावर चित्र उघडलं आणि वाटलं काचेच्या पलीकडे, मशीनमागे, कुणीतरी चपला फरपटत— कुणी नव्हतं. रोगी गुंगीत होता. अनवाणी.

रोज दुपारी येतं आता. मी उशी कानांवर दाबून धरते.

२० जून

आज मी दार उघडलं.

भीतीने जीव जायची वेळ आली होती. रोज मरण्यापेक्षा एकदाच काय ते बघावं म्हटलं. जपमाळ हाताला गुंडाळली आणि दार ढकललं.

देल्फिन नव्हता.

अर्नेल होता. भर दुपारी, कालवांवर असायला हवा तेव्हा. दातांत आगकाडी. एक हात भिंतीला. डावा पाय उचलायचा प्रयत्न करत होता, उचलत नव्हता. उजवा टाकायचा, डावा ओढायचा. टोकापर्यंत जायचा, वळायचा, पुन्हा. सराव करत होता. सरळ चालण्याचा.

मला बघून थांबला. आगकाडी काढली नाही, काढली असती तर बोलता आलं नसतं. म्हणाला, होडीत तोल जातो दीडएक महिन्यापासून. म्हणून लवकर येतो. तुम्ही झोपलेल्या असता असं वाटलं.

मी तिथेच बांबूवर बसले. तो कसाबसा माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "मला त्याच दिवशी कळलं होतं. मी मेंदूवरून विनोद केला आणि तू हसली नाहीस. माझ्या विनोदाला तू कधी हसली नाहीस असं झालंय का?"

मी विचारलं, मग लग्न का केलंस?

म्हणाला, "तुला ठाऊक असून तू हो म्हणालीस. अशी बाई परत कुठे मिळाली असती?"

भूत असतं तर किती बरं झालं असतं.

३ ऑक्टोबर

बशी आता ठेवत नाही नानाय. तिलाही कळलं. ती त्याला काही म्हणत नाही. फक्त बघते. देल्फिनकडे बघायची, तेच बघणं. मला ते ओळखीचं आहे आणि म्हणूनच—

१७ फेब्रुवारी २०१९

जबडा गेला. आगकाडी आता पुरत नाही. रात्रंदिवस उघडा. मी रुमाल बांधते, तो मागे रेटतो.

तरी काल पाटीवर लिहून दाखवलं: तुझा चुंबन घ्यायचा उत्साह कमी झालाय. अक्षर सगळं वाकडं.

हसले. मग मोरीत जाऊन तोंडात टॉवेल कोंबला.

९ जून

मान मागे. घास जात नाही. हाडं वर आलीत. डॉक्टरांनी औषधं वाढवली. झोपेच्या गोळ्याही. गोळ्या नानाय देते, मी कामावर असते.

मशीनच्या खोलीत मी आता पडद्याकडे बघत नाही. बटण दाबते.

२२ सप्टेंबर

नानाय कालवं सोलत होती. मी समोर बसले होते. एकदम बोलायला लागली, हात न थांबवता.

म्हणाली, देल्फिन आपणहून नाही गेला.

म्हणाली, रोजच्या गोळ्या मी देत नव्हते. जपून ठेवत होते. तो मागायचा गं. आगकाडी दातांत धरून रोज तेवढंच मागायचा. आई होऊन किती दिवस नाही म्हणू? पण हिंमत होत नव्हती. मरताना कसा दिसेल याची भीती वाटायची.

मग म्हणाली, "तू मला दाखवलंस, इंदाय. तो झोपल्यावर कसा दिसतो ते. तुझे उपकार."

तिने सोललेलं कालव माझ्यापुढे धरलं. खा म्हणाली.

२३ सप्टेंबर

पोलीस? म्हातारी आहे. आई आहे त्याची. दुसरं चित्र मीच घ्यायला लावलं. दार मी लोटलं.

अर्नेलच्या गोळ्यांची बाटली बघितली. अर्धी हवी होती. रिकामी आहे.

नानायला विचारलं. म्हणाली, संपल्या.

२४ सप्टेंबर

उद्या त्याला बाकोलोदला नेते. आईकडे. बोटीची तिकिटं काढली. कामावर कळवलं. नानायला सांगितलं हवापालट. ती बरं म्हणाली. वाद घातला नाही. वाद का नाही घातला—

अर्नेलला सांगितलं. त्याने पाटी ओढली. खूप वेळ लागला. लिहिलं: नको.

मग: नानायने सांगितलं तुला?

मग, पाटी पुसून: मीच मागितलंय तिच्याकडे. तुझ्याकडे मागता येत नव्हतं.

पाटी हिसकावून घेतली. फोडली. तो रडत होता. तोंड आभाळाकडे. पाणी कानांत जात होतं.

तू माझ्याबरोबर येतोस, म्हटलं. मी तुझी बायको आहे. मी अजून संपलेली नाही. मला अजून पाहिजेस, असा, पिळलेला, कसाही—

त्याने होकार दिला. दिलाच. हात दाबला माझा.

२५ सप्टेंबर

दुपार. बॅगा भरतेय. लिहिलं की जरा धीर येतो, म्हणून बसलेय. अर्नेल खाली. तीनचाकी येईलच.

अर्नेलचा पांढरा शर्ट सापडत नाही. लग्नातला. काल या पेटीत वरच—

नानाय त्याला भरवतेय. प्रवासापूर्वी पेज खाऊ दे म्हणाली. मी भरवते म्हटलं तर म्हणाली, तू बॅगा भर गं, मी त्याची आई आहे. मी हो म्हटलं. का म्हटलं? दोन मिनिटांपूर्वी. नाही, जास्त झाली असतील. बराच वेळ—

जिना उतरायला हवा. उतरते. ऊठ, जोव्हेलिन.

काल मी त्याला विचारलंच नाही, की हात कशाला दाबलास. हो म्हणून की—

नानाय हाक मारतेय. आवाज किती मऊ. इंदाय, म्हणतेय, ये गं खाली. लवकर ये. बघ तरी, किती देखणा दिस